शिट्टीविना एक तास

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेत पारंपरिक खेळांची स्पर्धा भरली. तिची नियमावली आम्हीच लिहिली होती. विटीची लांबी, दांडूचा घेर, डावाची मिनिटे, सारे काही तीत होते. विट्या बाजारातून आणविल्या; गुळगुळीत, रंग दिलेल्या. स्पर्धा यथासांग पार पडली, पदके वाटली गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मात्र एकाही मुलाने दांडू हाती धरला नाही. या अपयशाचे धनी आम्ही, म्हणूनच हे लिहीत आहोत.

नियमांत बांधला की खेळ मरतो, असे आमचे म्हणणे नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरविले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली. परंतु खो-खोस दोन खांब आणि चपळ पाय पुरतात; तेथे कोणाला काही 'मानावे' लागत नाही. भातुकलीत करवंटी ही कढई असते, विटेचा चुरा हे तिखट असते. पोफळीची गळून पडलेली झावळ ही तर गाडीच! तिच्या रुंद बुडख्यावर एकाने बसावे, दुसऱ्याने पानांचा शेंडा धरून अंगणभर ओढावे आणि वळणावर दोघांनीही मातीत लोळावे. या वस्तूंना मोल नसते, म्हणूनच त्या हव्या त्या होऊ शकतात. दुकानातली खेळण्यातली मोटार जन्मभर मोटारच राहते.

विटीदांडूला आमच्या कोंकणीत कोयंडोबाल म्हणतात. पेरूची सरळ फांदी हेरायची, घरातला कोयता हळूच पळवायचा, विटीची टोके तासायची आणि कोयत्याची धार गेली म्हणून बोलणी खायची, हा खेळाचा पूर्वार्ध असे. मग मोजणी: वकट, लेंड, मूंड, नाल. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांशी त्यांचे नाते कानालाच कळते. हे शब्द कोणत्या पाठ्यपुस्तकाने नव्हे, अंगणातल्या पोरांनीच तोंडोतोंडी सांभाळले. आमच्या नियमावलीत त्यांच्या जागी आम्ही 'एक, दोन, तीन' छापले होते!

मोबाईलने मुलांना घरात कोंडले, असे पालक म्हणतात. ते खरे, पण अर्धेच. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी आटोपली की गृहपाठ; अंगणात फरशी आणि फरशीवर मोटार. मुलाने मळक्या पायांनी घरी यावे, अशी सोय आपण ठेवली आहे कोठे?

शनिवारची शेवटची तासिका मोकळी सोडावी, अशी विनंती आम्ही मुख्याध्यापकांना केली आहे. त्या तासाला शिट्टी नको, गुण नकोत, पदकही नको. आम्ही शिक्षक व्हरांड्यात बसू. विटी डोळ्यास इजा करू शकते. तेव्हा टोला मारणाऱ्याच्या फार जवळ कोणी उभे राहू नये, एवढा एकच नियम राहील. पालकांनी नवे काही विकत देऊ नये. करवंट्या, फुटक्या कौलांचे तुकडे, जुने लुगडे एवढे पुष्कळ झाले. उन्हाळ्यात मूठभर काजूबियाही द्याव्यात. मात्र त्या आजीने भाजण्यासाठी राखलेल्या असतील, तर विद्यार्थिमित्रहो, आधी तिला विचारा.