सूट कोणाला, सक्ती कोणावर?

शाळेत नाव घालताना, कारखान्यात कामावर घेताना किंवा वृद्धाश्रमात सेवेस ठेवताना लस टोचून घेतल्याचा दाखला मागावा काय, आणि मागितल्यास त्यातून कोणाला सूट असावी, हा प्रश्न कोविडच्या साथीबरोबर निकालात निघाला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. २००० साली ज्या अमेरिकेने गोवर आपल्या देशातून हटल्याचे जाहीर केले, त्याच देशाच्या टेक्सास राज्यात २०२५ साली गोवराची मोठी साथ आली आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले तीत दगावली. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतून हाच रोग पसरला आणि दहाहून अधिक बालके प्राणास मुकली. दोन्ही ठिकाणी लस न टोचलेली मुलेच प्रामुख्याने बळी पडली; पण ती लसीवाचून राहण्याची कारणे मात्र सर्वस्वी भिन्न होती. या भिन्नतेकडे लक्ष वेधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या कार्यकर्त्यांतही या प्रश्नावर दोन मते आहेत. आणीबाणीत ज्यांनी तुरुंगवास भोगला किंवा नसबंदीच्या मोहिमेत गरिबांना जनावरांसारखे गाड्यांत कोंबलेले पाहिले, त्यांना शासनाने माणसाच्या शरीराला हात घालणे ही कल्पनाच असह्य वाटते. म्हणून सूट मागणाऱ्या प्रत्येकाविषयी त्यांच्या मनात सहानुभूती असते. दुसरा पक्ष विज्ञाननिष्ठेचा कैवार घेऊन म्हणतो, की लस नाकारणे हे अडाणीपणाचे लक्षण असून कायद्याचा बडगा हाच त्यावर उपाय आहे. दोन्ही भूमिकांत सत्याचा अंश आहे. परंतु सक्ती प्रत्यक्षात कोणावर होते आणि सूट प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. समाजवाद्यांनी तो प्रथम विचारावयास हवा.

लस ही इतर औषधांसारखी केवळ घेणाऱ्याच्या लाभाची वस्तू नव्हे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तिचा सामाजिक लाभ हा व्यक्तिगत लाभाहून मोठा असतो. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या समूहात, सरासरी बारा ते अठरा जणांना तो रोग देतो. म्हणून शंभरातील सुमारे पंचाण्णव जण सुरक्षित असल्याशिवाय त्याची साखळी तुटत नाही. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे मूल किंवा जन्मतःच प्रतिकारशक्ती क्षीण असलेले मूल गोवराची लस घेऊच शकत नाही. त्याचे रक्षण त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलांनी लस घेतली असेल तरच होते. त्या मुलाला मिळणारी सूट खरी आहे, आणि ती सुरक्षित राहावी म्हणूनच इतरांना लहरीप्रमाणे सूट देता येत नाही. आपला लाभ इतरांच्या त्यागावर सोडून स्वतः मोकळे राहणे हा हक्क नव्हे, विशेषाधिकार आहे.

हा विशेषाधिकार कोण वापरतो हे कॅलिफोर्नियात दिसून आले. तेथे वैयक्तिक श्रद्धेच्या नावाखाली शाळेतील लसीकरणातून सूट मिळत असे, आणि ती घेणाऱ्यांचे प्रमाण सुखवस्तू गोऱ्या वस्त्यांत व खासगी शाळांत विशेष होते. डिस्नेलँडपासून सुरू झालेल्या गोवराच्या साथीनंतर २०१५ साली ही सूट रद्द झाली. त्याबरोबर वैद्यकीय कारणास्तव मागितलेल्या सुटींची संख्या वाढली, कारण शुल्क घेऊन तसे दाखले देणारे डॉक्टर निघाले! २०१९ साली त्या दाखल्यांच्या तपासणीसाठी निराळा कायदा करावा लागला. ऐपत असलेल्याला नियमातून वाट काढून देणारा कोणी ना कोणी भेटतोच.

याउलट एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सक्तीचा भार कोणी वाहिला ते पाहावे. १८५३ च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवीची लस सक्तीची झाली आणि १८६७ मध्ये वारंवार दंड करण्याची तरतूद झाली. अंमलबजावणी सोपवली होती ती दरिद्री-कायद्याखालील मंडळांकडे. म्हणजे लस टोचणारा हात आणि भिकेचा शिक्का मारणारा हात एकच. श्रीमंताचा डॉक्टर घरी येई. मजूर दंड भरू शकला नाही तर त्याच्या घरातील सामान जप्त होई किंवा तो तुरुंगात जाई. १८८५ साली लेस्टर शहरात हजारो लोक याविरुद्ध रस्त्यावर आले. अखेर १८९८ साली सदसद्विवेकाच्या आधारे सूट देण्याचे कलम आले. परंतु त्यासाठी बापाने दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपल्या विवेकाची खात्री पटवून द्यावयाची होती. शिकलेल्या व्यापाऱ्याला ते साधे, पण कामगाराचा विवेक दंडाधिकाऱ्यास सहसा पटत नसे. १९०७ मध्ये साध्या प्रतिज्ञापत्रावर सूट मिळू लागली तेव्हा कोठे ही विषमता कमी झाली.

या इतिहासाचा शेवट आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मजूर पक्षाच्या सरकारने १९४६ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा केला, आणि त्याच कायद्याने देवीच्या लसीची सक्ती उठवली. तान्ह्या मुलांना देवीची लस टोचण्याचे प्रमाण त्यानंतर घटले हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच दशकात कोणतीही सक्ती नसताना, मोफत लस आणि सातत्याचा प्रचार यांच्या बळावर, त्या देशाने घटसर्पाचा कणा मोडला हेही तितकेच खरे आहे.

तोच देश पुढे हा धडा विसरला. ११ नोव्हेंबर २०२१ पासून इंग्लंडमधील वृद्धनिवासांत काम करणाऱ्यांना कोविडची लस सक्तीची करण्यात आली. वृद्धांचे मृत्यू मोठ्या संख्येने झाले होते, त्यामुळे हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु या सेविका अत्यल्प वेतनावर राबणाऱ्या होत्या. त्यांच्यापैकी अनेकींना आजारपणात कायद्याने ठरवलेला किमान भत्ताच मिळे, आणि तो होता आठवड्याला ९६ पौंड ३५ पेन्स. लस घ्या असे फर्मावणाऱ्या शासनाने ताप आल्यास घरी बसण्याइतका पगार मात्र त्यांना दिला नाही. सुमारे चाळीस हजार कर्मचारी या नियमामुळे जातील असा सरकारचाच अंदाज होता. १५ मार्च २०२२ रोजी नियम मागे घेण्यात आला. तोवर ज्यांच्या नोकऱ्या जायच्या त्या गेल्या होत्या.

आता आपल्या घराकडे वळू. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा केंद्राने त्यांची जबाबदारी राज्यांवर आणि बाजारावर टाकली. खासगी रुग्णालयांत कोविशील्डच्या एका मात्रेचा कमाल दर पुढे ७८० रुपये ठरला. सर्वोच्च न्यायालयाने या धोरणास सकृद्दर्शनी मनमानी व अतार्किक म्हटल्यावर केंद्राने ते बदलले आणि २१ जूनपासून सर्व प्रौढांना मोफत लस देऊ केली. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना खुली केली. पण दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांनाच. आता हिशेब करा. कोविशील्डच्या दोन मात्रांत त्या वेळी किमान चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर सक्तीचे होते. २१ जूनला पहिली मात्रा मिळालेल्या तरुण कामगाराची दुसरी मात्रा लवकरात लवकर १३ सप्टेंबरला, आणि लोकलचे दार उघडणार २७ सप्टेंबरला. म्हणजे त्याने लस नाकारली नव्हती. शासनाने ती त्याला वेळेवर दिली नव्हती, आणि शिक्षा मात्र त्यालाच झाली. ज्याच्या दाराशी मोटार होती किंवा ज्याचे काम घरी बसून होत होते, त्याला या नियमाची झळ लागली नाही. नालासोपाऱ्याहून अंधेरीस धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला ती लागली.

२ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणावरही लस घेण्याची बळजबरी करता येत नाही. एकविसाव्या अनुच्छेदात शारीरिक अखंडत्वाचा हक्क अंतर्भूत आहे. त्याच वेळी समाजाच्या आरोग्यासाठी शासन काही मर्यादा घालू शकते, मात्र त्या प्रमाणशीर असल्या पाहिजेत, असेही न्यायालय म्हणाले. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग होतो हे दाखवणारी माहिती शासनाने पुढे ठेवली नाही, म्हणून ते निर्बंध प्रमाणशीर ठरले नाहीत. काही मंडळी हा निकाल प्रत्येक लसीविरुद्ध ढालीसारखा वापरतात, ते चुकीचे आहे. तो कोविडच्या तत्कालीन परिस्थितीपुरता होता. गोवराची लस रोगाचा प्रसार रोखते हे अनेक दशकांच्या अनुभवाने सिद्ध आहे. प्रत्येक रोगाचा व प्रत्येक लसीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, हाच त्या निकालाचा खरा बोध होय.

पण भारतात सर्वांत मोठी सूट कोणी मागितलेलीच नाही. ती शासनाने न मागता दिली आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार एकाही लसीचा स्पर्श न झालेली बालके आपल्या देशात २०२३ साली सुमारे १६ लाख होती. २०२४ साली ती संख्या सुमारे ९ लाखांवर आली, ही समाधानाची गोष्ट. तरीही नऊ लाख हा आकडा लहान नव्हे. गोवंडीच्या आईबापांनी दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन विवेकाची शपथ घेतली नव्हती. देवनारच्या कचराभूमीच्या सावलीत, आज या गल्लीत तर उद्या त्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या, दिवस बुडाला तर चूल बुडते अशा स्थितीतील ही माणसे. केंद्र उघडे असते त्या वेळी ती कामावर असतात. टोचल्यानंतर मुलाला ताप आला तर आईचा रोज बुडतो. अशा ठिकाणी सक्तीचा कायदा आणणे म्हणजे शासनाच्या गैरहजेरीबद्दल आईला दंड करणे होय.

जेथे नकार खरोखरच असतो, तेथेही त्याचा इतिहास तपासावा लागतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजिर घरात घुसले, त्याची परिणती सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याने शासनाला अधिकार दिले, रुग्णाला उपचाराचा हक्क दिला नाही. आणि २०२० साली आपण तोच कायदा बाहेर काढला. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प झाला, तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध जोडता आला नाही. परंतु २०१३ साली संसदीय समितीने या संमतीच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली असूनही अविश्वास पेरला जातो तो असा. याउलट पोलिओचे उदाहरण घ्या. कोणाही बापाला दंड न करता, मोहल्ल्यातील शिक्षक, इमाम आणि घरोघर फिरणाऱ्या स्त्रिया यांच्या साहाय्याने शंकांचे निरसन करीत हा देश पोलिओमुक्त झाला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला.

तेव्हा आमची भूमिका स्पष्ट आहे. वैद्यकीय कारणास्तव सूट निःसंदिग्ध असावी. तिचा दाखला सरकारी रुग्णालयात मोफत मिळावा आणि तो विकणाऱ्यास शिक्षा व्हावी. केवळ मताच्या आधारे मागितलेली सूट, जी लस इतरांना होणारा संसर्ग रोखते तिच्या बाबतीत, हक्क म्हणून मान्य करता येणार नाही. साथ असताना अशा मुलास काही दिवस घरी ठेवणे योग्य ठरेल. पण बापाच्या मताची शिक्षा म्हणून मुलाचा शिक्षणाचा हक्क कायमचा हिरावून घेता येणार नाही. कामाच्या ठिकाणी बडतर्फी हे साधन मुळीच नसावे. वृद्ध व रुग्ण यांच्या निकट सेवेतून एखाद्यास दूर करावे लागले, तर त्यास त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. लस घेतल्याचा दिवस आणि त्यानंतरचा तापाचा दिवस भरपगारी असावा, मग कामगार कंत्राटी असो वा घरकामाचा.

आणि क्वचित घडणाऱ्या दुष्परिणामाची भरपाई शासनाने दोष सिद्ध करण्याची अट न घालता द्यावी. पश्चिम जर्मनीने १९६१ साली, ब्रिटनने १९७९ साली अशी तरतूद केली. आपल्या केंद्र सरकारने मात्र २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले, की लसीकरण ऐच्छिक होते, म्हणून शासन जबाबदार नाही. लोकलच्या फाटकावर दाखला मागणारे शासन न्यायालयाच्या पायरीवर ऐच्छिकतेची भाषा बोलते, हे लोकांच्या ध्यानात येत नाही असे समजू नये. समाजासाठी एखाद्याने धोका पत्करला आणि तो त्याच्या वाट्यास आला, तर समाजाने त्याच्यामागे उभे राहणे हा समाजवादाचा पहिला धडा आहे.

लस दारापर्यंत नेणारी आशाताई आजही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका म्हणून मोजली जाते आणि तिला मानधनासाठी संप करावा लागतो. जिला शासन स्वतःची मानत नाही, तिच्या शब्दावर आईने आपले मूल पुढे करावे अशी अपेक्षा आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी सक्ती की सूट हा वाद सभागृहात घालण्यापूर्वी तिच्याबरोबर वस्तीत एक फेरी मारावी; न टोचलेल्या मुलांची यादी करावी; केंद्र संध्याकाळी आणि रविवारी उघडे ठेवण्याची मागणी घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात जावे. ज्या वस्तीत शासन लस, रजा, उत्तर आणि भरपाई घेऊन पोहोचले आहे, तेथेच त्याला नकाराचा जाब विचारण्याचा अधिकार आहे. तो अधिकार त्याने आधी मिळवावा, यासाठी आपला लढा आहे.