कोर्टात पडून असलेले पैसे

सुरतमधल्या लिंबायतच्या गल्लीत मी साड्यांना लेस लावून देतो. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. रिंग रोडच्या एका व्यापाऱ्याचा चेक बाउन्स झाला. खटला लढलो, जिंकलो. त्याने अपील केलं. चेक बाउन्सच्या कायद्यात २०१८ साली आलेल्या कलम १४८ नुसार कोर्टाने त्याला भरपाईच्या २० टक्के रक्कम भरायला लावली. ती तिथेच पडून आहे. अपील चालू असतानाही ती तक्रारदाराला देता येते. आरोपी सुटला तर तक्रारदाराने व्याजासकट परत करायची, हेही त्याच कलमात आहे. मग अडतं कुठे? माझ्या अर्जावर नुसत्या तारखा पडतात. पैसे अडकल्यामुळे सहा शिलाई मशिनांपैकी दोन विकली. उचलून नेताना एकाच्या सुईखाली अर्धी लेस तशीच अडकलेली होती. अशा अर्जाचा निकाल पहिल्या तारखेलाच लागला पाहिजे. कारागिरांचा हिशेब मला दर शनिवारी चुकवावा लागतो.