ओळखीचे नाव म्हणजे खात्री नव्हे



‘गूगल ड्राईव्हची लिंक असेल तर निर्धास्त उघडावी’ हे एका पत्रलेखकाचे मत मला अजिबात पटले नाही. ड्राईव्ह फाइल तपासते हे खरे. पण 100 एमबीहून मोठ्या फाइलची विषाणू-तपासणी ती करत नाही, आणि पासवर्ड लावलेल्या झिपच्या आतले तिलाही दिसत नाही. कपाट कंपनीचे असले, तरी आतली वस्तू ठेवणाऱ्याची असते.

ओळखीच्या नंबरचेही तसेच. गेल्या लग्नसराईत शेजारच्या काकूंना भाच्याच्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ आली. बोट लावताच फोन अ‍ॅप बसवण्याची परवानगी मागू लागला. मी शेजारीच होतो म्हणून हात धरला. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ (म्हणजे अ‍ॅपची फाइल) होते. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ; तिला अ‍ॅप बसवावे लागत नाही. अशा अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी चोराच्या हाती. भाच्याला फोन केला, तर त्याचे व्हॉट्सअ‍ॅप आधीच दुसऱ्याच्या ताब्यात!

आमच्या वरणगावात ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांची कितीतरी घरे आहेत. आयुष्यभराची पुंजी बँकेत आहे. म्हणून कळकळीने सांगतो: लिंक आली की आधी पाठवणाऱ्याला फोन करा, फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे वाचा, लिंक उघडल्यावर पुन्हा पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. चूक झालीच तर नेट बंद करून बँकेला आणि 1930 वर ताबडतोब कळवा. लाजेपायी गमावलेला वेळच चोराला हवा असतो.

– एक वाचक, वरणगाव (ता. भुसावळ)