दसऱ्याला तोरण, वर्षभर गंज

नागपूरच्या कुठल्याही ले-आउटमध्ये सकाळी साडेसातला उभं राहावं. मनीषनगर असो की त्रिमूर्तीनगर, चित्र तेच. गाडी बाहेर काढायची म्हणून घरमालक पायात स्लीपर अडकवून येतो आणि सरकतं फाटक ढकलतो. फाटक दोन हात सरकून अडतं. मग खांदा लावायचा, एक झटका द्यायचा, आणि करकरत ते पुढे जातं. रुळाच्या कडेला तांबूस भुकटी साचलेली असते. शेजाऱ्यानं विचारलंच, तर उत्तर तयार असतं, ‘थोडं जड चालते जी, पण चालते.’

हे ‘थोडं जड’ म्हणजे नेमकं किती? बारा फूट रुंद आणि पाच फूट उंच फाटकाला सोळा गेजचा पत्रा लावला, तर नुसता पत्राच सत्तर किलोच्या आसपास भरतो. चौकट, आडव्या पट्ट्या, नक्षी, वरचे भाले धरले की आकडा सहज शंभराच्या पुढे जातो. म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांहून अधिक वजन, तेही उभं आणि चालतं. घरातली ही सर्वांत जड हलणारी वस्तू. आरओचं फिल्टर वेळेवर बदललं जातं, कूलरच्या खसच्या ताट्या दरवर्षी नव्या येतात, एसीची सर्व्हिस होते. फाटकाला मिळतो तो ऑइलपेंटचा एक हात, तोही घरात लग्न निघालं तर.

जुलै 2024 च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडच्या बोपखेल भागात मुलं खेळत असताना सरकतं लोखंडी फाटक कोसळलं आणि तीन वर्षांची मुलगी त्याखाली सापडून गेली. सीसीटीव्हीतली ती काही सेकंदांची दृश्यं राज्यभर पाहिली गेली. चार दिवस हळहळ झाली. त्यानंतर किती जणांनी खाली जाऊन आपल्या फाटकाची चाकं पाहिली असतील?

सरकतं फाटक चाकांवर उभं असतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चाकं फक्त वजन पेलतात. फाटक उभं राहतं ते वरच्या गाईडमुळे, म्हणजे भिंतीला किंवा खांबाला बसवलेल्या त्या दोन रोलरच्या पकडीमुळे. फाटक त्या पकडीतून निसटलं की त्याला सावरणारं काहीच उरत नाही. ते निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना स्टॉपर हवा. अँगलचा वीतभर तुकडा, चार टाके वेल्डिंग, एवढंच ते काम. इतवारीच्या लोहा ओळीत भंगाराच्या भावात मिळेल असा हा तुकडा अनेक फाटकांना नसतोच, आणि असला तरी रोजच्या धडका खाऊन वाकलेला असतो. तो बसवला आहे का आणि धड आहे का, हे पाहायला मिनिटभर पुरे.

नागपूरची हवा लोखंडाला सुखानं राहू देत नाही. डिसेंबर 2018 मध्ये इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता, मे 2013 मध्ये 47.9 वर चढला होता. भर उन्हात पत्रा साठीच्या घरात तापतो. थंडी ते उन्हाळा एवढ्या फरकात चार मीटर लांबीचं लोखंड अडीच-तीन मिलिमीटर वाढतं. जानेवारीत अलगद बसणारी कडी मे महिन्यात हातोडी मागते ती यामुळे. मग मालक कडीच वाकवून घेतो आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा बसेनाशी होते.

त्यात सिमेंट रस्त्यांची भर पडली आहे. जुन्या वस्त्यांत रस्ते वर आले, घरं खाली राहिली. बाहेर उघडणारी फाटकं रस्त्याला घासू लागली म्हणून कित्येकांनी सरकती करून घेतली, आणि त्यांचा रूळ नेमका पाण्याच्या वाटेत आला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये चिखल घुसला. फ्रिज आणि सोफ्यांच्या नुकसानीचा हिशेब झाला. बेअरिंगमध्ये शिरलेल्या गाळाचा हिशेब कोण करणार?

इथे एक गैरसमज खोडायला हवा. फाटक अडलं की रुळावर ग्रीस थापायची सवय घराघरांत आहे. तोट्याचा सौदा आहे हा. ग्रीस धूळ पकडतं, आणि धूळ-ग्रीसचा तो काळा लगदा पॉलिश पेपरसारखा चाक खात राहतो. ग्रीस बेअरिंगला द्यायचं. रूळ कोरडाच बरा, आठवड्याला झाडून घेतला म्हणजे झालं. शटरच्या बाजूच्या चॅनेललाही हेच लागू. तिथे पुसून मेण किंवा सिलिकॉनचा फवारा चालतो, गाडीचं जळकं ऑइल नको.

शटरची गोष्ट आणखी नाजूक आहे. खाली दुकान, वर घर, ही महाल-इतवारीची जुनी रीत, आणि आता बंगल्यांच्या गॅरेजलाही शटर आलं आहे. वरच्या पाइपात पिळलेल्या स्प्रिंगा त्याचं बहुतेक वजन तोलतात, म्हणून एक माणूस ते उचलू शकतो. अर्ध्यावर सोडलेलं शटर तिथेच थांबायला हवं. ते आपोआप खाली येऊ लागलं तर स्प्रिंग दमली आहे आणि तिला हात लावायचा तो शटरवाल्यानंच. घरच्या पान्यानं ती सोडवायला गेलेल्याचं मनगट ती एका फटक्यात मोडू शकते. स्वतः करायचं काम साफसफाईचं, आणि आवाज बदलला की ओळखण्याचं.

मोटर बसवलेली फाटकं वाढत आहेत. अमेरिकेत 1 जानेवारी 1993 पासून बनलेल्या घरगुती गॅरेज-दाराच्या मोटरला अडथळा लागताच दोन सेकंदांत उलट फिरावंच लागतं, असा केंद्रीय नियम आहे. ब्रिटनमध्ये 2010 च्या उन्हाळ्यात विजेच्या फाटकांत अडकून दोन लहान मुली गेल्यावर तिथली सुरक्षा यंत्रणा जागी झाली. आपल्याकडे अडथळा ओळखणारे गुडघ्याच्या उंचीवरचे दोन सेन्सर धुळीनं आंधळे झालेले असतात. मध्ये कुत्रं आलं की फाटक थांबतं, एवढ्या कारणावरून सेन्सरच बंद करून ठेवणारेही भेटतील.

खरी अडचण अशी की, फाटकाला कुणी वाली नाही. लिफ्टसाठी मुंबई इलाख्यात 1939 मध्ये कायदा झाला, 2017 मध्ये महाराष्ट्रानं नवा केला. त्यात परवाना आहे, तपासणी आहे. इमारतीच्या मंजूर नकाशात फाटक म्हणजे दोन रेघांमधली मोकळी जागा. फॅब्रिकेटर वास्तुपूजनाच्या आदल्या रात्री ते उभं करतो, पैसे घेतो आणि पुढच्या साइटवर जातो. अपार्टमेंटमध्ये त्याची जबाबदारी चौकीदाराच्या खांद्यावर येते, शब्दशः.

महापालिका आणि सुधार प्रन्यास यांनी भोगवटा प्रमाणपत्र देताना दोन टोकांचे स्टॉपर आणि वरचा गाईड पाहावा, एवढी मागणी अवास्तव नाही. पाणी मुरवण्याची सोय पाहायला माणूस जातो, तर त्यानं आत शिरतानाच फाटक एकदा ढकलून पाहायला काय हरकत आहे? सोसायट्यांनी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत लिफ्टच्या करारानंतर फाटकाची एक ओळ घालावी. मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा वेल्डरला बोलवावं. चाकं, गाईड, टाके हे सगळं तपासायला त्याला अर्धा तास लागतो.

दसऱ्याला याच फाटकावर झेंडूचं तोरण चढतं. बाजूच्या गाडीच्या चाकांखाली लिंबू ठेवलं जातं, बोनेटवर हळद-कुंकू वाहिलं जातं. तोरण बांधायला स्टूल आणलेलंच असतं. त्यावर उभं राहिलं की वरचा गाईड अगदी डोळ्यांसमोर येतो, आणि त्याचे बोल्ट सैल असतील तर बोटांनीसुद्धा फिरतात.