डोंबिवलीचा आकडा



यंदा उन्हाळी सुट्टीत निशी-कासाईच्या आमच्या घरी थोडी रुसवाफुगवी झाली. डोंबिवलीहून आजोबांनी व्हिडिओ कॉलवर चौथीतल्या नातीला विचारलं, "एकोणसत्तर म्हणजे किती गं?" तिला सांगता येईना. दुसरीत शिकलेले जपानी पाढे, म्हणजे 'कुकू', घडाघडा येतात. मराठी आकडे मात्र निसटत चाललेत. आजोबा गप्प झाले. मी तर एकेकाळची शिक्षिका! मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी निरोप पाठवला: '१११११११११ ला त्यानेच गुण.' लेकीने वहीत नऊ ओळी मांडल्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मधल्या रकान्याची बेरीज नऊ, दोन्ही बाजूंना एकेक कमी. कुठेच हातचा नाही! उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले तर मध्ये हातचा येतो आणि हा जिना मोडतो.

आता वाचायचं कसं? जपानीत चार-चार अंकांचे गट पडतात: १ केई, २३४५ चो, ६७८९ ओकू, ८७६५ मान, ४३२१. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. त्यातलं सतरावं 'मध्य'. केई आणि मध्य एकच: एकावर सोळा शून्यं!

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं तेव्हाचं स्टेशन, आजची डोंबिवली. तिथेच त्यांना ही कल्पना सुचली म्हणे! १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. तरी आकड्यांशी खेळणं त्यांनी सोडलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि ते जगभर पोचले. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही, हे त्यांच्याकडे पाहून मला पटलं.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. आपली संख्या हर्षद आहे का? नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. आणि वर्गाच्या अंकांची बेरीज?

लेकीने फोनवरच मोजली आणि ओरडली, "कु कु हाचिजूइचि!" कुकूची ही शेवटची ओळ.

पलीकडून आजोबा म्हणाले, "नऊ नवे एक्क्याऐंशी."

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली. हळूच, पण अगदी बरोबर.