पंख्याची तिसरी वायर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. पण घरी कॉम्प्युटर असेंबल करताना ही बरोबरी अंगाशी येते. ज्या कूलरचे आणि पंख्यांचे रिव्ह्यू बघून आपण खरेदी करतो, त्यांची टेस्टिंग बहुतेक वेळा २०-२२ डिग्रीच्या खोलीत झालेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री दहा वाजताही चटके देतो.

मित्रहो, पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. खोलीत ४३ असेल तर कॅबिनेटमधली कुठलीच वस्तू ४३ च्या खाली येणार नाही. कूलरचं काम एवढंच, की प्रोसेसरला खोलीच्या वर फार चढू द्यायचं नाही. २२ डिग्रीच्या खोलीत फुल लोडवर ६७ दाखवणारा प्रोसेसर, तोच पंखा आणि तोच स्पीड ठेवून इथे आणला, की ८८ च्या आसपास जाणार. बऱ्याच प्रोसेसरची सहनशक्ती ९५ ते १०० ला संपते. तिथे तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद. म्हणजे तिकडच्या माणसाच्या हाताशी तीसेक डिग्रीची सवड आहे, आपल्या हाताशी जेमतेम दहाची.

म्हणून माझं मत असं, की आपल्या भागात पंखे किती लावले यापेक्षा ते कुठे जोडले हे जास्त महत्त्वाचं आहे. आणि ते मदरबोर्डलाच जोडायला पाहिजेत.

असेंबल करून देणारे बरेच जण काय करतात? प्रोसेसरवरचा पंखा बोर्डला लावतात, कारण तो नाही लावला तर चालू करतानाच बोर्ड एरर दाखवून बोंब मारतो. मागचा आणि पुढचा पंखा मात्र सरळ पॉवर सप्लायच्या मोठ्या चारपिनी कनेक्टरला. काम दोन मिनिटांत उरकतं, पंखा फिरतो, गिऱ्हाईक खुश. पण त्या जोडणीत पंख्याला फक्त १२ व्होल्ट आणि अर्थ मिळतो. तिसरी वायर कुठेच जात नाही.

ही तिसरी वायर म्हणजे पंख्याचा टॅकोमीटर. मशीन्सच्या लॅबमध्ये आपण मोटरच्या शाफ्टला टॅकोमीटर टेकवून आरपीएम लिहून घेतो, जर्नलवर सही घेतो आणि विसरून जातो. तेच काम हा तीन-चारशे रुपयांचा पंखा दिवसभर फुकटात करत असतो. एका फेऱ्याला दोन पल्स. सेकंदाला ४० पल्स आल्या तर २० फेरे, म्हणजे १२०० आरपीएम. पल्स थांबल्या की बोर्डला कळतं, पंखा मेला. बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये त्याची वॉर्निंगही चालू करता येते. वायरच जोडली नाही तर बोर्डनं ओळखायचं कशावरून?

मागच्या उन्हाळ्यात मानवतकडचा एक ज्युनिअर मशीन घेऊन रूमवर आला. “दादा, कामून बंद पडायलंय काहीच कळंना.” सबमिशन चार दिवसांवर. दुकानात त्याला सांगितलं होतं, प्रोसेसर गेला, नवीन टाका. घरी कापूस विकला तेव्हा कुठे हे मशीन आलं होतं, आता परत वडिलांना फोन कोणत्या तोंडानं करायचा? कॅबिनेट उघडलं तर मागचा पंखा कापसाच्या तंतूंनी आणि काळ्या धुळीनं जाम. किती दिवस तसा होता देव जाणे. गरम हवा आतल्या आत फिरत होती आणि प्रोसेसरचा पंखा तीच ओढून परत प्रोसेसरवर मारत होता. प्रोसेसर ठणठणीत होता. पंखा बदलला, नवीन पंख्याची वायर बोर्डला लावली, पोरगं सबमिशन करून मोकळं झालं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की बोर्डवर पंखे लावले तर बोर्ड जळतो. तो अगदीच खोटा नाही. पंख्याच्या एका हेडरची मर्यादा साधारण १ अँपिअर असते. पंख्यावरच्या स्टिकरवर करंट छापलेला असतो, बेरीज करा. ०.२ अँपिअरचे दोन-तीन पंखे एका हेडरवर स्प्लिटर लावून आरामात चालतात. सहा-सात पंख्यांची माळ लावायची असेल तर हब घ्यावा, म्हणजे करंट पॉवर सप्लायमधून येतो आणि बोर्डकडून फक्त इशारा. स्प्लिटरमध्ये एकाच पंख्याची टॅको वायर बोर्डपर्यंत जाते, बाकीच्यांची नाही. हेही लक्षात असू द्या.

चौथी पिन आली ती स्पीड सांगण्यासाठी. इंटेलच्या २००५ च्या स्पेसिफिकेशनमध्ये तिची फ्रिक्वेन्सी २५ किलोहर्ट्झ ठेवलेली आहे, माणसाच्या कानाच्या पलीकडची, म्हणजे मोटरची शिट्टी ऐकू येत नाही. तीनपिनी पंखा चारपिनी हेडरवर बसतो, पण बायोसमध्ये डीसी मोड निवडला नाही तर तो कायम फुल स्पीडनं पळतो. परभणीला याचं महत्त्व दुप्पट आहे, कारण आपला उन्हाळा जेवढा प्रसिद्ध तेवढीच थंडीही. डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकडी असताना पॉवर सप्लायला लावलेला पंखा मे महिन्यासारखाच घोंघावत असतो आणि रूम पार्टनर शिव्या घालतो. बोर्डला लावलेला गपगुमान ५००-६०० वर फिरतो.

वायर तोडून चिकटपट्टीनं जोडणाऱ्या वीरांसाठी एक सूचना. रंगावर जाऊ नका. तीन वायरींच्या पंख्यात पिवळी ही टॅको असते, चार वायरींच्या पंख्यात पिवळी हीच १२ व्होल्टची. आणि हल्लीच्या रंगीबेरंगी लायटिंगचं कनेक्टर हे पंख्याचं नव्हे. त्यातलं ५ व्होल्टचं १२ व्होल्टवर ढकललं तर दिवाळी तिथेच होते. या लायटिंगवर माझा तसाही राग आहे. त्याच पैशांत पुढच्या बाजूला एक चांगला फिल्टर येतो.

फिल्टर खरंच पाहिजे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर धूळ फटींतून न शिरता फिल्टरवरच अडकते. सेलू-मानवतकडे जिनिंगच्या दिवसांत तो फिल्टर दर आठवड्याला झटका. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो नको तेवढा फिरून बेअरिंग जातं. आणि डेझर्ट कूलरच्या थेट तोंडासमोर कॅबिनेट ठेवणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून विनंती. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे बारीक तुषार बोर्डवर वाळले की काय होतं ते कूलरच्या जाळीकडे बघून समजून घ्या.

शेवटी सर लोकांकडे एक मागणी. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण फायलिंग करतो, टी जॉइंट करतो. त्यातलं एक प्रॅक्टिकल कॅबिनेट उघडायचं ठेवावं. पंखा काढायचा, पिन मोजायच्या, हेडर शोधून लावायचा, बायोसमध्ये आरपीएम वाचायचे, मग पातं धरून वॉर्निंग येते का बघायचं. नवीन काही विकत घ्यायला नको. लॅबच्या मागच्या खोलीत बाद झालेली पाच-सहा मशीन धूळ खात पडली आहेत, चावी तेवढी मिळावी.