बोटीवरचं घर कुणाचं?

गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने तिच्या प्रवासाचे फोटो दाखवले. ती आणि तिचा नवरा नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने, एका शिडाच्या बोटीवर राहिले. थायलंडची अंदमान समुद्राकडची बाजू, फुकेतपासून वर रानोंगकडे. फोटो सुंदर होते. नंतर चहाच्या वेळी वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, पन्नाशी उलटलेल्या बाईने घर, नातेवाईक, सणवार सगळं मागे टाकून समुद्रावर राहायला जायचं, याला मुक्तीच म्हणायचं. दुसऱ्या म्हणाल्या, हे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्या बैठकीत कशाला? मला दोन्ही पटलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी बोटीवरच्या स्वयंपाकाबद्दल. मी तिला विचारलं, सुकाणू कोण धरायचं? 'तो.' आणि गॅस कोण पेटवायचं? ती नुसती हसली. दोन बर्नरची शेगडी, हिंदकळणारी भांडी, मोजून वापरायचं गोडं पाणी, आठवड्याचा बाजार एकदम भरून ठेवायचा, हे सगळं तिच्याकडे. तिसऱ्या महिन्यात कडाक्याचं भांडण करून तिने सुकाणू धरायला शिकून घेतलं आणि नवऱ्याला भात लावायला शिकवलं. हा भाग तिने बैठकीत सांगितलाच नव्हता! मला तर पाच महिन्यांतला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

थाई होड्यांच्या पुढच्या टोकाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. तिथे 'मॅ या नांग' ही होडीची रक्षण करणारी देवी राहते, त्या टोकावर पाय ठेवायचा नाही. म्हणजे राखणदार बाई, आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या लांब शेपटीच्या होड्या चालवणारे जवळजवळ सगळे पुरुष. देवीला हार आणि बाईला चूल, हे आपल्याला काही नवीन नाही.

आता खाण्याकडे येऊ. थाई जेवण म्हणजे नारळाचं दूध, लिंबू आणि मिरची, अशी आपली हॉटेलात झालेली समजूत. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात त्याच्याही आधी येते ती 'कापी'. आपला जवळा असतो ना, तसल्याच बारीक कोळंबीला मीठ लावायचं, उन्हात वाळवायचं, उखळात कुटायचं, भांड्यात दाबून आठवडे, कधी महिने मुरवायचं. हीच कापी लसूण, मिरची, लिंबाचा रस आणि ताडाच्या गुळाबरोबर कुटली की 'नाम फ्रिक कापी' तयार. भाजी, मासा, भात, सगळ्याबरोबर. मैत्रीण म्हणाली, पहिल्यांदा वास आला आणि मला वेसाव्याची वाळवण आठवली. मला मात्र आमची सोसायटी आठवली, सुक्या मासळीचा वास आला की नोटीस लावणारी.

निवडणं, मीठ लावणं, वाळवणं, कुटणं, विकणं, यातलं बरंचसं काम गावागावांत बायकाच करतात. बाजारात मासळी विकणारीला थाई भाषेत 'मॅ खा' म्हणतात. 'मॅ' म्हणजे आई. शब्दात मान आहे. पण मासेमारीचा विचार होतो तेव्हा होडी आणि जाळंच डोळ्यांपुढे येतं. मासेमारीतल्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार, क्रमांक १८८, थायलंडने २०१९ मध्ये मान्य केला, आशियात सर्वांत आधी. चांगलंच झालं. पण तो करार नौकेवर काम करणाऱ्यांसाठी आहे. किनाऱ्यावर बसून सोलणारी, खारवणारी बाई त्यात येत नाही.

आणि सोलणारी म्हटलं की समुत साखोन आठवायलाच हवं. बँकॉकच्या जवळचं हे मासळीचं मोठं केंद्र. तिथे म्यानमारमधून आलेल्या बायका, पुरुष, मुलंसुद्धा कोंडलेल्या शेडमध्ये बर्फाच्या पाण्यात हात घालून तासन्‌तास कोळंबी सोलत होती, हे २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी जगापुढे आणलं. मग मोठ्या निर्यातदारांनी बाहेरच्या शेडमधून काम करून घेणं बंद करण्याचं जाहीर केलं. परदेशी मजुरांना स्वतःची संघटना काढायची तर १९७५ चा कामगार कायदा आड येतो, संघटनेचे पदाधिकारी थाई नागरिकच हवेत. आपल्या ताटातल्या सोललेल्या कोळंबीची चव घेताना हे कुठल्या पाककृतीत लिहिलेलं नसतं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते मोकेन लोकांबद्दल. बोटीवर राहणं हा ज्यांचा छंद नव्हता, आयुष्य होतं. कोरड्या ऋतूत सगळं कुटुंब 'काबांग' नावाच्या होडीत, तिथेच चूल, तिथेच झोप. पावसाळ्यात तेवढं किनाऱ्यावर. होडीच्या भागांना माणसाच्या शरीराची नावं. बायका वल्हवायच्या, ओहोटीला शिंपले आणि कालवं गोळा करायच्या, केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया विणायच्या. सुरिन बेटं १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. झाड तोडायला बंदी आली, आणि झाडाच्या खोडाशिवाय काबांग होत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पाणी मागे हटताच खूण ओळखून ते उंचावर पळाले आणि सुरिनवरचे जवळजवळ सगळे वाचले. जगभर कौतुक झालं. त्यानंतर अनेकांना नागरिकत्वाची कागदपत्रं मिळाली, सगळ्यांना नाही. जून २०१० मध्ये थाई मंत्रिमंडळाने समुद्रावरच्या समाजांची जीवनपद्धती जपण्याचा ठराव केला. पण २०१६ मध्ये फुकेतच्या रावाय किनाऱ्यावर जमिनीवर दावा सांगणाऱ्यांच्या माणसांनी याच समाजांच्या लोकांना मारहाण केली.

म्हणजे पासपोर्ट असलेली आमची मैत्रीण बोटीवर राहिली तर ते साहस. कागद नसलेली मोकेन बाई राहिली तर मागासलेपण, तिला घरात 'वसवायला' हवं. एकीला परवाना, दुसरीला बंदी, समुद्र तोच. चोचले म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझं म्हणणं एवढंच, की मैत्रिणीची हौस हा प्रश्न नाही. आणि मुक्ती म्हणणाऱ्यांना विचारायचं आहे, पाण्यावरचं घर सोडायला कुणाला लावलं, हे आपण त्या फोटोंत पाहिलं का?

पुढच्या बैठकीला ती उरलेले फोटो आणणार आहे. त्यात सुरिनच्या गावातल्या एका बाईचा फोटो आहे, चटई विणताना. नाव विचारलंस का, मी विचारलं. नाही, म्हणाली, भाषा येत नव्हती. चटईची किंमत मात्र दोघींनी बोटांवर ठरवली होती.